वाडीची बस आणि माझी पहिली घोषणा

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या कर्जत तालुक्यातल्या कम्युनिस्ट गटात दाखल झालो, तेव्हा क्रांतीविषयी पुष्कळ वाचले होते. घोषणा मात्र जन्मात दिली नव्हती. डोंगरातल्या एका वाडीपर्यंत बस यावी म्हणून मोर्चा निघणार होता आणि पहिली घोषणा नव्या सभासदाने द्यायची, असा गटाचा रिवाज होता. कशेळ्याहून जीपमध्ये दाटीने बसून निघालो, तेव्हा मोर्चातल्या बायकांनी माझा सराव घेतला. मी ‘इन्किलाब’ पुटपुटलो.

“सर, घोषणा हाय का नवस?” आमच्या पुढारी ताईंनी विचारले. जीप हसली.

एसटीच्या कचेरीपाशी मात्र अनर्थ घडला. मी तोंड उघडण्यापूर्वीच साहेब बाहेर आले आणि सोमवारपासून बस सोडण्याचे त्यांनी कबूल केले.

“म्हणजे आपले काम झाले?” मी सुटकेच्या आनंदात विचारले.

“कसलं झालं?” ताई म्हणाल्या. “गाडी येते का नाय, ते कोण बगणार? सोमवारी तुमी वाडीच्या फाट्यावर हुबं ऱ्हा.”

सोमवारी बस आली, पण वाडीकडे न वळता सरळ निघाली. माझ्या तोंडून ‘इन्किलाब!’ अशी काही आरोळी फुटली, की चालकाने करकचून ब्रेक दाबला. खिडक्यांतून ‘जिंदाबाद!’ आले. बस मुकाट्याने वळली.

ताईंना हे सांगताना माझी मान भलतीच ताठ होती.

“ब्येस,” त्या म्हणाल्या. “आता सांजच्या परतीच्या गाडीसाठी मोर्चा काढू. ह्या खेपेला सायब बाहेर यायच्या आदी वरडा.”