डॅशबोर्डखालच्या एसीतलं जांभळं रेशीम

मंडळी, आज माझी मान जरा जास्तच ताठ आहे. सहन करा!

सकाळी म्हैसूरजवळच्या हिनकलला, आमच्या गॅरेजमध्ये एक जुनी फियाट आली. डॅशबोर्डखाली लटकवलेला एसी बंद पडलेला. गाडी नुकतीच विकत घेतलेले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हा लोकल डबा काढून टाका. जुना इंपोर्टेड मिळाला तर तो बसवा."

मी म्हटलं, आधी उघडून तर बघू. वरचा पत्रा काढला आणि थबकलेच. पत्र्याच्या सांध्यांत जांभळ्या रेशमाच्या पट्ट्या!

माझे वडील, अण्णा, असे एसी याच गॅरेजमध्ये स्वतः बनवायचे. गाडी चालताना पत्रा खडखडलेला त्यांना अजिबात खपत नसे. आई घरी ब्लाऊज शिवायची. तिच्याकडची उरलेली रेशमी कापडं ते सांध्यांत दाबून बसवायचे. अख्ख्या म्हैसुरात असं करणारे तेवढे एकच!

पंख्याची मोटर दुरुस्त केली, गॅस भरला आणि आईला बोलावलं. "अय्यो, नोडु, बघ तरी, माझ्याच ब्लाऊजचं कापड हे!" ती म्हणाली.

त्या गृहस्थांनी आम्हाला गाडीत बसवून हुणसूर रोडवर चक्कर मारली. मी गार वाऱ्यापुढे हात धरला. आईने मात्र वाकून एसीला कान लावला.

"खडखड नाही," ती म्हणाली. "यांचंच काम."

एसी आता तिथेच राहणार आहे, मालकांनीच सांगितलं.

तुमच्या घरच्यांच्या हातचं काय काय अजून चालू आहे? सांगा ना, आज मला तेच ऐकायचंय.