पाव किलो जादा

देवानं जगात जेवढ्या म्हणून वस्तू केल्या, त्यातली प्रत्येक गरजेपेक्षा पाव किलो जड केली आणि ती चूक निस्तरायला मागाहून आमच्या धाकट्या चुलत्यांना धाडलं, अशी त्यांची स्वतःची पक्की समजूत होती. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. बारामतीत इंदापूर रस्त्याच्या कडेला त्यांचं लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप होतं. आमचं घर मूळचं मेंढरांमागं हिंडणारं. दमलेली कोकरं काखेत मारून कोस कोस चालण्यात आप्पांचं लहानपण गेलं, आणि तेव्हा वजनाशी जडलेलं वैर लोखंडात पडल्यावरही सुटलं नाही. हाती येईल ते आधी कोकरासारखं दोन्ही हातांवर घ्यायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "जादा हाय." काकूच्या उलथन्याला त्यांनी इतकी भोकं पाडली की ते झाऱ्यासारखं दिसू लागलं. बाजेचे पाय तासून तासून असे काही बारीक केले की आलेला पाहुणा बसण्याआधी एकदा घरच्यांच्या तोंडाकडं बघून घ्यायचा. माझं फिजिक्सचं पुस्तक हातावर तोलून त्यांनी एकदा मला विचारलं होतं, "ह्यातलं परीक्षेला येत न्हाय असं किती हाय?" मी घाबरून पुस्तक काढून घेतलं. त्यांच्या खिशात कायम तासायची पटाशी असायची.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. आज हे एकदा सांगून भागतं. नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास मी ते दिवसातून चारदा सांगायचो. दारावर नावाची पाटी लावली होती, नावापुढं बी.एस्सी., बी.एड. पाटी आप्पांनीच करून दिलेली, त्यामुळं अर्थातच कागदासारख्या पातळ पत्र्याची. वारा सुटला की माझी पदवी थडथड वाजायची. आप्पांचं शिक्षण चौथी. पण मी बोलायला लागलो की ते लेथ बंद करून ऐकायचे, आणि मीही इतका शहाणा की कधी त्यांना लेथ पुन्हा सुरू करू दिली नाही.

त्यांच्याकडं एक जुनी पेट्रोलची मोटार होती. तिच्या मागच्या दारांची हँडलं, पायाखालचे गालिचे, डिकीचं अस्तर, सगळं त्यांनी हलकं करण्याच्या नावाखाली काढून टाकलेलं. तरी समाधान नव्हतं. एक दिवस गिअरबॉक्स विटांवर उतरवून त्यांनी इंजिनच्या पाठीमागचं फ्लायव्हील काढलं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं ताटाएवढं जाडजूड लोखंडी चाक. ते हातांवर घेऊन आप्पांनी डोळे मिटले. मग लेथवर चढवलं, मागच्या अंगानं थोडं कातलं, उतरवलं, पुन्हा हातांवर घेतलं. "बास. हितं थांबायचं," ते म्हणाले.

मी तिथं नसतो तर गोष्ट इथंच थांबली असती. पण मी होतो, आणि हातात खडू होता. वर्कशॉपच्या भिंतीवर मी जडत्वाचं सूत्र लिहिलं. वस्तुमान केंद्रापासून जितकं लांब, तितका त्याचा अडथळा वर्गाच्या पटीत जास्त, तेव्हा काठाचं लोखंड काढा, अजून निदान दोन किलो काढा, इंजिन कसं झटकन उठतं बघा, असं मी अर्धा तास सांगितलं. आप्पा भिंतीकडं बघत राहिले.

"हात न्हाय म्हणतूय," ते शेवटी हळूच बोलले.

"हाताला वर्ग कळतो का, आप्पा?" मी म्हणालो. हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

आप्पांनी दोन किलो काढले.

त्याच आठवड्यात इंदापुरात एका हायस्कूलमध्ये माझा इंटरव्ह्यू होता. विज्ञान शिक्षकाची कायमची जागा, वेळ अकराची. एसटीनं जायचं ठरलेलं, पण आप्पा म्हणाले, घरातला पहिला मास्तर एसटीत उभा राहून जायचा न्हाय. पुढं गाडी चालवणाऱ्या आप्पांच्या शेजारी मी, पांढराशुभ्र शर्ट घालून. मागं आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या सर्टिफिकेटांची फाइल पोटाशी धरून. आणि गाडी काय पळाली म्हणता! पाय लावायचा अवकाश, इंजिन किंचाळून उठायचं. लासुर्णे कधी मागं पडलं कळलं नाही. मी मागं वळून आबांना जडत्व समजावत होतो.

निमगाव केतकीत आठवड्याचा बाजार भरला होता.

जड फ्लायव्हीलचं खरं काम असतं ते इंजिन मंद असताना. फिरण्याचा जोर ते साठवून ठेवतं आणि दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात इंजिनाला तगवतं. हे मी बी.एड.च्या पाठात स्वतः फळ्यावर काढून शिकवलं होतं. खडू वर्कशॉपच्या भिंतीला लागला तेव्हा मात्र त्यातलं अवाक्षर आठवलं नव्हतं. बाजारात गाडी गोगलगायीच्या चालीनं घालावी लागली आणि ती बंद पडली. चालू केली, पाऊलभर गेली, बंद. वांग्यांच्या ढिगापाशी बंद, शेळ्यांपाशी बंद. स्टार्टर मारून मारून बॅटरी बसली, मग लोक ढकलायला लागले. बंद पडू नये म्हणून आप्पा इंजिन ओरडवत क्लच अर्धा धरून ठेवायचे. शेवटी क्लचप्लेट जळाल्याचा वास सुटला आणि गाडी जागची हलेना. एक म्हातारा शेळीची दोरी धरून म्हणाला, "पावनं, ही हितंच इका. आज बाजार हाय."

सगळा बाजार हसला. आबा हसले नाहीत. ते खाली उतरले आणि चारचौघांत आप्पांना म्हणाले, "मेंढरं राखणाऱ्यानं मशिनीला हात लावला की हेच व्हायचं. पोराची नोकरी घालवलीस."

आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "व्हय दादा, माझंच चुकलं," म्हणाले.

आणि मी, घरातला पहिला ग्रॅज्युएट, शर्टाला लागलेला हाताचा डाग बघत उभा राहिलो. दुधाच्या टेम्पोतून इंदापूर गाठलं तेव्हा साडेबारा वाजले होते आणि जागा भरली होती. मला नोकरी लागली ती पुढच्या साली, दुसऱ्या गावात. आप्पांनी गाडीला जुनं जड चाक शोधून बसवलं, तरी आबा तिच्यात पुन्हा बसले नाहीत. घरात काहीही बिघडलं की ते भावाकडं बघून म्हणायचे, "कातलंस का काय?" आप्पा खाली मान घालून हसायचे. मीही हसायचो, हे सांगताना आजही जीभ अडखळते.

माझ्या मुलीच्या बारशाला आप्पा गाडी घेऊन आले. बाळाला वर्कशॉपवरून फिरवून आणतो म्हणाले. आबा म्हणाले, "आधी माझ्या पोराची वाट लावलीस, आता नातीची?" तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आबा, ते दोन किलो मी काढायला लावले होते. आप्पा थांबा म्हणत होते."

आप्पाच म्हणाले, "हे कुणाला सांगतूयस? मी तितंच हुतो की."

"मग बोलला का नाहीत?"

"घरात शिकलेला तू एकला. तुला भर बाजारात खोटं पाडलं असतं, तर पुना पोरांम्होरं खडू घेऊन उभा ऱ्हायला असतास व्हय?"

एवढं बोलून त्यांनी बाळाला दोन्ही हातांवर घेतलं आणि डोळे मिटले. काकूनं तोंडाला पदर लावला. आप्पा बराच वेळ तसेच उभे होते. मग डोळे उघडून म्हणाले, "बराबर हाय."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

आता आप्पा नाहीत. ते कातलेलं फ्लायव्हील काकूनं मला दिलं, मी ते दार आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवतो. त्या कामालाही ते हलकंच पडतं. वारा जोराचा सुटला की दार त्याला ढकलत नेतं. मी उठतो, दोन्ही हातांवर ते उचलतो आणि कुणी बघत नसलं तर डोळे मिटून उभा राहतो. हाताला काही कळत नाही. मग ते जागेवर ठेवून देतो.