न हलणारा भाग

कॉम्प्युटरच्या चिपमधला जो भाग हलत नाही, म्हणजे ज्यात काही काम चालू नसतं, त्याची वीज तोडायची, हे माझं ऑफिसातलं काम. घरीही हात तसाच चालतो. काल संध्याकाळी बाहेरची खोली सामसूम वाटली, म्हणून जाता जाता दिवा बंद केला.

"अगं, मी आहे इथे," अंधारातून बाबा म्हणाले.

मी घाईने दिवा लावला. "काय करत होतात?"

"काही नाही. तुझी आई गुणगुणायची, ते गाणं आठवत होतो."

चिपमध्येही असे भाग असतात. हलत नाहीत, नुसती आठवण धरून बसतात. त्यांना थोडी वीज ठेवली नाही, तर सगळं पुसलं जातं. तिथे मी चुकत नाही. मग इथे कशी चुकले? की माणूस रिकामा बसलाय की कामात आहे, हे बाहेरून कळतच नाही? कोण जाणे.

"मग, आठवलं?"

बाबा दिव्याकडे बघत राहिले. "ओठांवर आलं होतं गं. गेलं."