दोन हजार पन्नास सालचे गरीब

नत्थूजी निनाव्यांबद्दल विणकरांच्या तांडापेठेत दुमत नव्हतं. मागावर बसले की त्यांच्यासारखा विणकर नाही आणि मागावरून उठले की त्यांच्यासारखा बढाईखोर नाही. त्यात बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास बाजारात गिरणीच्या साड्यांचा सुळसुळाट झाला, हातमागाच्या लुगड्याला कुत्रं विचारेना, आणि नत्थूजींवर मागावरून उठूनच राहायची पाळी आली. मग बढाईला काय तोटा!

अशात थोरली गोपिका लग्नाला आलेली. उमरेडचे शालिकराम नंदनवार, तेही विणकरच, आपल्या मुलासाठी तिला पाहून गेले. घरचे चारही माग दिवसभर खडखडत असतात, असं त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं. नत्थूजींनी मागाच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. आपले माग बंद पडलेत हे यांना कळलं तर सोयरीक गेलीच म्हणायची. होकार अजून यायचा होता.

नेमका तेव्हाच गिरिधर उगवला. धरमपेठेतल्या मोठ्या घरचा, मुंबईला राहून सिनेमा शिकून आलेला. दाढी वाढलेली आणि डोक्यात क्रांती. त्याच्या सिनेमात दोन हजार पन्नास साल उजाडलेलं होतं. श्रीमंत लोक ढगांत बांधलेल्या काचेच्या नगरीत राहतात, गरीब जमिनीखाली अंधारात चाकं फिरवतात, आणि त्या चाकांच्या जोरावर वरची नगरी तरंगते. हे सगळं हुडकेश्वरापलीकडच्या एका ओसाड दगडखाणीत घडायचं होतं. त्याला गरीब हवे होते, म्हणून तो तांडापेठेत आला. रोजी देतो म्हणाला, दोन्ही वेळचं जेवणही देतो म्हणाला. अख्खी गल्ली तयार झाली. नत्थूजींनी त्याच दिवशी उमरेडला सांगावा धाडला, मी सिनेमात काम करून राहिलो. कशाचं काम, ते तेवढं सांगितलं नाही.

आता तांडापेठेची रीत अशी, की फोटो काढायचा म्हणजे ठेवणीतलं नेसायचं. फोटो निघतो जन्मात एकदा-दोनदा. त्यात माणूस फाटका दिसला, तर नातवंडांनाही फाटकाच दिसणार. आणि सिनेमा म्हणजे तर फोटोचा बाप! म्हणून ठरल्या सकाळी खाणीत जे उतरले ते गरीब नव्हतेच, वऱ्हाड होतं. रेशीमकाठी धोतरं, खांद्यावर उपरणी, बायांच्या अंगावर घरीच विणलेली जरीपदराची लुगडी. नत्थूजींनी मिशीलाही तेल लावलं होतं.

गिरिधरने कपाळावर हात मारून घेतला. मी उपाशी माणसं बोलावली होती, हे काय कोणाचं लग्न आहे का, म्हणून त्याने बरीच आदळआपट केली. नत्थूजींची बायको भागीरथा त्याला शांतपणे म्हणाली, "उपाशीच हावोत ना भाऊ. कपडे तेवढे चांगले हायेत."

पण तिचं ऐकायला त्याला सवड कुठे होती? सगळ्यांना गोणपाटं वाटली, तोंडांना काजळी फासली. ढगांतले श्रीमंत म्हणजे गिरिधरचे सिव्हिल लाइन्समधले मित्र. ते बिचारे साधे बुशशर्ट घालून आलेले, श्रीमंत दिसेचनात. तेव्हा गरिबांनी उतरवलेली धोतरं-उपरणी त्यांच्या अंगावर चढली. दुपारी जेवण आलं. श्रीमंत सावलीत बसून आधी जेवले, गरीब नंतर. समता आणायची तर एवढं चालायचंच.

सहा महिन्यांनी सिनेमा शहरातल्या एका टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला लागला. शालिकराम उमरेडहून खास तो पाहायलाच आले. नत्थूजींनी तब्येतीचं सोंग केलं, टॉकीजचं मशीन बिघडल्याची थाप मारली, पण पाहुणा हटेना. शेवटी जावंच लागलं.

पडद्यावर नत्थूजी आले ते चाकाला जुंपलेले, काळे ठिक्कर, उघडे. त्यांचंच धोतर नेसलेल्या एका श्रीमंताने त्यांना लाथ घातली आणि ते तोंडघशी पडले. बाल्कनीतून कोणी बाई हळहळली. शालिकराम पडद्याकडे पाहत राहिले. नत्थूजींनी मान खाली घातली ती दिवे लागेपर्यंत वर केली नाही. पोरीचं लग्न आपण आपल्या हातांनी मोडलं, असं वाटून त्यांना रडू यायला झालं.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी स्वतःहूनच सगळं सांगून टाकलं. माग बंद आहेत, रोजीसाठी गेलो होतो, तुमच्यापासून लपवलं. शालिकरामांनी कपातला चहा संपवला. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"इवाई, त्या खाणीत दोन्ही टाइम जेवाले देत होते का?"

"देत होते. पोटभर."

"मंग पुढच्या सिनेमात आमच्या पोराले घुसवता येते का? आमचे चारही माग पोरगी पाहाले आलो त्याच्या आधीपासूनच बंद हायेत."

नत्थूजींना इवाई, म्हणजे व्याही, हा शब्द आधी ऐकू आला आणि बाकीचं मागून. म्हणजे होकार आला होता. व्याह्यांचेही माग बंद पडलेत हे ऐकून आपल्याला हायसं वाटलं, याची त्यांना क्षणभर लाज वाटली. पण क्षणभरच. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"चिंता नका करू जी," ते म्हणाले, "गिरिधर माझ्या शब्दाबाहेर नाही. जावयाले चांगल्यातलं चाक देऊ."