स्टीलच्या डब्यातले फोन

काकाजींच्या दुकानात शिरायचं तर आधी फोन स्टीलच्या डब्यात टाकावा लागे. चपला घालून आत आलेलं त्यांना चालायचं, पण फोन घेऊन कुणी पाऊल टाकलं की हातातलं काम थांबवून बघत राहायचे. बडनेऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला लागूनच माझं मोबाइलचं. म्हणजे मी जे दिवसभर विकायचो, ते काकाजी डब्यात कोंडायचे. वर मलाच माझ्या दुकानातून डब्यातल्या फोनवर फोन लावायला सांगून, तो लागत नाही हे ऐकून खूश व्हायचे.

संशय त्यांचा स्वभावच होता. चहावाल्यानं अद्रक घातलंय म्हटलं, तर ते ‘गाळनीत दाखव’ म्हणायचे. पण फोनवरचा संशय उगाच नव्हता. फोन वाजायच्या आधी टेबलावरचा रेडिओ टर्रर्र टर्रर्र करायचा. काकाजी बोट वर करत आणि म्हणत, ‘‘पाय, आला तुया फोन.’’ दोन क्षणांत भिंतीपलीकडे माझ्या दुकानात ठेवलेला फोन खरंच वाजायचा. मग ते सुरू होत. ‘‘या मुक्या सेटले समजते, फोन येऊन राहिला म्हनून. अन् तू कानाले लावून घंटा घंटा बोलतं, तं तुया मगजाले काईच नसन समजत?’’

मी खोक्यावर छापलेला आकडा दाखवायचो, हे सगळं मर्यादेच्या आत आहे म्हणायचो. ते चष्मा वर करून विचारत, ‘‘खोकं कोनं छापलं? इकनाऱ्यानंच ना?’’ पोट माझंही त्याच खोक्यांवर होतं.

शेवटी त्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केला. रेडिओत रेझिस्टर नावाचे बारीक पार्ट असतात, त्यांच्यावर रंगीत पट्ट्या असतात आणि प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा. काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे नऊ. काकाजी सकाळी दुकान उघडलं की सगळे रंग ओळीनं म्हणायचे. मग माझा फोन दहा मिनिटं कानाला धरायचे आणि रंग पुन्हा म्हणायचे. कधी चुकले नाहीत. मी हसलो की म्हणायचे, ‘‘दम धर. हे हयूहयू काम करते.’’

आणि मग खरंच काहीतरी हळूहळू काम करायला लागलं. भातकुलीच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी बटणं न लावताच रेडिओ परत दिला. एकच गोष्ट मला सकाळी सांगितली आणि दुपारी पुन्हा सांगितली. ‘‘तुयाकडं फोन लय वाढले,’’ असं म्हणून त्यांनी आपलं टेबल माझ्या दुकानाच्या भिंतीपासून दूर सरकवलं. त्यांच्या मोठ्या भावाला शेवटी स्वतःची लेकरंही ओळखू येत नव्हती, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. ते आठवून मला फोनपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा संशय येत होता. तोंडातून काढवत मात्र नव्हता.

एका दुपारी मी त्यांच्यासमोर बसलो होतो. चिमट्यात रेझिस्टर धरून ते पुटपुटत होते. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा... आणि थांबले. पहिल्यापासून म्हणत आले, हिरव्याशी पुन्हा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकाजींना एवढं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

‘‘कोनाचा फोन चालू हाये इथं?’’

दुकानात आम्ही दोघंच होतो. माझा एकुलता एक फोन बंद करून डब्यात ठेवलेला होता, झाकण त्यांनीच दाबून लावलं होतं. आयुष्यभर मी त्यांना सांगत आलो होतो की फोननं काही होत नाही. त्या दिवशी म्हणालो, ‘‘माझा आहे, काकाजी. दुसरा. खिशात चालूच राहिला.’’

‘‘मले माईतच होतं!’’ त्यांचा आवाज एकदम पहिल्यासारखा झाला. ‘‘इतके वर्सं सांगून राहिलो तुले, लेका! काहून आनला आत? जाय, भाईर ठेव!’’ मला इतक्या समाधानानं कुणी शिव्या घातल्या नव्हत्या. रिकाम्या खिशावर हात दाबून मी रस्त्यावर आलो. मागून आवाज येत होता. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा...

पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा हिरव्यापर्यंतच. मग ते ओरडले, ‘‘अजून दूर जाय!’’

मी रस्ता ओलांडला.

काकाजी आता अकोल्याला लेकीकडे असतात. फोननं मेंदूचं काय होतं, हे मला अजून ठाऊक नाही. माझाही फोनवर पुरता विश्वास उरलेला नाही, झोपताना तो उशाशी ठेवत नाही. भेटायला जातो तेव्हा तर घरीच ठेवून जातो. ते मला ओळखत नाहीत. पण खोलीत शिरलो की माझ्या खिशाकडे बघून म्हणतात, ‘‘थो भाईर ठेव.’’ मी ‘हो काकाजी’ म्हणतो, रिकाम्या खिशावर हात ठेवून बाहेर जातो, जरा वेळ उभा राहतो आणि परत आत येतो.