बदकिणीचा उपास

सोमवारचा माझा उपास, दिवसभर नुसता कोरा चहा. तो कप हातात असतानाच निखिलचा, माझ्या मुलाचा, ऑफिसातून फोन आला. "आई, आधी बस," म्हणाला. वाईट बातमी देणारा आधी बसायलाच सांगतो... केतकी गेली होती. हॉस्पिटलमध्ये नेलं काय आणि दुसऱ्या दिवशी गेली काय. न्यूमोनिया, म्हणे.

तशी ती आमची कोणी नव्हे. क्वेकर्स हिलच्या आमच्या घरामागची खोली तिनं भाड्यानं घेतली, तो काळ आपल्याकडून इथं परदेशात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लोंढ्याचा. ब्लॅकटाउन स्टेशनवर जावं तर कोणी ना कोणी पोर नवी कोरी बॅग ओढत उतरतंय. कोणी अकाउंटिंग शिकायला, कोणी कुकरी. ही साताऱ्याची, शिकून जनावरांची डॉक्टर झालेली, आणि आली कशासाठी? तर समुद्री बदकांच्या पोटातले जंत अभ्यासायला! म्हटलं, "अगं, त्यासाठी एवढ्या लांब?" तर हसून म्हणते, "काकू, ती बदकं इथंही नाहीत!" पार उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रावरची ती. त्यांची आतडी बरण्यांत भरून हिच्या युनिव्हर्सिटीत यायची. ज्या पक्ष्याच्या पोटातला जंत न् जंत हिला ठाऊक, तो पक्षी जिवंत पोहताना हिनं कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी माझा सोमवार सुटायचा तेव्हा ती पानावर असायचीच, आणि जेवताना हेच बोलणं. बदकं बारके खेकडे खातात, खेकड्यांतून जंत पोटात जातो, काटेरी तोंड आतड्यात रुतवून बसतो. नात किंचाळायची, "आजी, दॅट्स सो ग्रॉस!" आणि ताट उचलून टीव्हीपुढे. "पण धडधाकट बदक असे कितीतरी जंत पोटात घेऊन मजेत पोहतं हो," केतकी सांगायची. "मादी मात्र अंड्यांवर बसली की खायला उठतच नाही. आठवडे न् आठवडे अंगातल्या चरबीवर काढते. वाळून जाते. मग किनाऱ्यावर मेलेली सापडते, फाडून बघावं तर आत जंतच जंत. सगळे म्हणणार, जंतांनी मारलं. अहो, जंत आधीही होतेच की! मेली ती जंतांनी की उपासानं? एवढंच तर मला शोधायचंय." मग माझ्याकडे बघून, "तुमच्यासारखीच बाई ती. कडक सोमवारवाली. शुगर असताना कसले उपास करता?"

"तू ती पहाटेची शिफ्ट सोड, मी सोमवार सोडते."

"थीसिस दिला की दोघी सोडू. मग मी जाणार बर्फात, जिवंत बदक बघायला. तुम्हीपण चला."

"मला मेलीला कुठली थंडी सोसते!"

शिष्यवृत्तीची मुदत संपली होती, थीसिस संपत नव्हता. म्हणून पहाटे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची, तिथून तशीच लॅबमध्ये. मी डबा द्यायचे, तो संध्याकाळी अर्धा परत. "वेळच नाही झाला, काकू." गालाची हाडं वर आली, कुर्ता खांद्यावरून ओघळायला लागला. खोकला महिनाभर होता. "शेवटचं प्रकरण राहिलंय फक्त," म्हणायची... त्यावरच बसून राहिली.

साताऱ्याहून तिचे वडील आले. आमच्याच टेबलाशी, तिच्याच खुर्चीवर बसले होते, बिचाऱ्यांना काय माहीत. म्हणाले, "एवढ्याशा तापानं कशी गेली हो पोर?" डॉक्टरांनी लिहिलं ते खरंच असणार, मी कोण नाही म्हणणारी? पण मला त्या टेबलावर दर सोमवारी दुसरंच काही ऐकायला मिळालं होतं. ते बापाला कसं सांगावं... मी त्यांच्या पानात भात वाढला.

खोली अजून रिकामीच आहे. तिथल्या फ्रिजवरचं चित्र तेवढं मी माझ्या स्वयंपाकघरात आणून लावलंय. तपकिरी बदकीण, स्वतःच्या छातीची पिसं उपटून केलेल्या घरट्यात, डोळे अर्धे मिटून बसलेली. गेल्या सोमवारी भर दुपारी मी वरणभात वाढून घेतला आणि चित्रासमोर बसले. सुट्टीमुळे नात घरी होती. बघतच राहिली.

"आजी, इट्स मंडे!"

"माहितीये," म्हटलं, आणि भातावर लिंबू पिळलं.