डावीकडचा डबा

"चाय झाला काय?"

डोळ्यांवरचा जाड चष्मा उतरवून विद्यार्थी भानावर येतो न येतो, तोच आमच्या मॅडम हे विचारत. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात आम्ही ऑक्युपेशनल थेरपी शिकवतो; म्हणजे आजारानं अधू झालेल्या माणसाला जेवण, आंघोळ, स्वयंपाक पुन्हा आपलं आपण कसं करायचं ते दाखवणं. मॅडमनी त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक घर उभं करून घेतलं होतं. चष्मा लावला की तुम्ही त्या घरात. रुग्णाला कुठं अडेल, हे तिथं चहा करता करता शोधायचं.

घर बनवणाऱ्या पुण्याच्या मुलानं आधी नुसता चकचकीत ओटा दिला होता. मॅडमनी त्याला फोन लावला. "माह्या बाया खाली बसून भाकर थापतात, भाऊ. तिथून उठाचं कसं, हे शिकवाचं हाय मले. उंबरठा टाक, मोरी टाक."

त्या घरात शिरताना त्या वर्गातच चपला काढून ठेवत. मुलं हसत. "काहून हसता? घरच हाय ना ते?"

कधी चष्मा लावून त्या रुग्णाचं सोंग घेत आणि मुलांनी आजार ओळखायचा.

त्या सकाळी त्या चष्मा लावून चहा करायला लागल्या, तेव्हाही आम्हाला हे सोंगच वाटलं. मॅडमना जे दिसे, ते भिंतीवरच्या पडद्यावर आम्हालाही दिसत होतं. साखर उजवीकडे होती, ती त्यांनी घेतली. चहापत्तीचा डबा डावीकडच्या फळीवर ढळढळीत होता. त्या मात्र उजवीकडेच हात फिरवत राहिल्या.

"पत्तीचा डबा कोणं हलवला?"

वर्ग हसला. मीही हसलो. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की काही माणसांना डावीकडचं जगच उरत नाही, हे त्यांनीच आदल्या आठवड्यात शिकवलं होतं. सोंग अगदी हुबेहूब वठलं होतं.

पहिल्या बाकावरची धारणीची अबोल मुलगी म्हणाली, "सर, मॅडम नाटक नाही करून राहिल्या."

"थांब, पाहू दे," मी म्हणालो. हे माझं वाक्य मला अजून ऐकू येतं.

ती थांबली नाही. उठून तिनं मॅडमचा चष्मा काढला. ओठाची डावी कड खाली लोंबली होती.

"मॅडम, दोन्ही हात वर करा."

उजवा वर गेला.

"दोन्ही, मॅडम."

"केले ना दोन्ही," मॅडम जराशा चिडून म्हणाल्या.

त्या उत्तराचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला होता, फक्त त्यांना नाही.

त्या मुलीमुळे आम्ही वेळेत दवाखान्यात पोचलो. जीव वाचला. डावी बाजू गेली. मॅडम अकोल्याला बहिणीकडे राहायला गेल्या.

दोन महिन्यांनी निरोप आला, "पोराईले घेऊन या. आता खरा पेशंट हाय."

आम्ही गेलो, खाटेभोवती बसलो. शब्द सावकाश येत होते, पण शिकवणं तेच. ताटातलं उजवीकडचं संपतं आणि डावीकडची भाजी तशीच राहते, हे त्या समजावत होत्या. "बहीण ताट फिरवते, तवा कळते मले."

मग त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली.

"ती धारणीवाली पोरगी नाही आली काय? तिले काई सांगाचं होतं मले."

ती आल्यापासून त्यांच्या डाव्या अंगाला बसली होती, त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून.